नाव ठेवणं

जानेवारीत डलूथचं सरोवर गोठतं, आणि
आयनार साउक्कोच्या तळघरात
पाणी सव्वीस अंशांवर नांदत असतं.
वर दाराशी बर्फ उपसायचं फावडं,
खाली निळ्या दिव्याखाली
चारशे लिटरचा समुद्र.
मीठ बादलीतलं, लाट पंपातली.

त्यातलं एक प्रवाळ
आठ वर्षं बारशाविना वाढतंय.

आलं तेव्हा अंगठ्याएवढं होतं,
पिशवीतल्या प्रवासानं तपकिरी पडलेलं.
सोबतच्या कागदावर अॅक्रोपोरा, पुढे एस्पी.
म्हणजे आडनाव आहे,
स्वतःचं नाव विचारू नका.
दुकानदार म्हणाला, ही 'वणव्याची राणी'.
पुढच्या गावात हीच फांदी
'ड्रॅगनची आसवं' म्हणून विकत होते,
वीस डॉलर चढे.

आयनारने बत्तीस वर्षं
खनिज वाहणाऱ्या बोटींची इंजिनं दुरुस्त केली.
तिथे प्रत्येक भागावर नंबर ठोकलेला.
बोल्ट हरवला तर नंबर सांगायचा,
बोल्ट यायचा.
त्याला वाटलं, हेही तसंच असणार.

जाडजूड पुस्तकं आणली. भिंग आणलं.
पुस्तकातले फोटो भर समुद्रातले, दुपारचे;
याच्याकडे दुपार येते सॉकेटमधून.
वहीत लिहीत गेला.
मार्च: तोंडं नळीसारखी. म्हणजे हे ते.
जून: नळ्या चपट्या झाल्या. म्हणजे ते हे नव्हे.
सप्टेंबर: दिवा बदलला. आता हिरवं.
पुढची दोन पानं नुसती खोडलेली.

एकदा फांदी मोडून दोन तुकडे केले.
एक लावला पंपासमोर, एक मागच्या कोपऱ्यात.
वर्षभरात पंपासमोरचा झाला बुटका, जाड,
गोदीवरच्या हमालाच्या दंडासारखा;
कोपऱ्यातला लांब, किडकिडीत, जांभळट.
क्लबातली डोरीन आली, कॉफीचा कप हातात,
आणि दोघांना दोन वेगळी नावं देऊन गेली,
थेंबही न सांडता.
आयनार काही बोलला नाही.
नावं काय, लोक कुणालाही ठेवतात.

शेवटी गेला विद्यापीठात.
पाहुआ वांग म्हणून बाई होत्या, प्रवाळांच्याच अभ्यासातल्या
(शाळेत त्यांना सगळे पॉला म्हणत,
सोपं पडतं म्हणून).
त्या म्हणाल्या, तुकडा रात्रभर ब्लीचमध्ये ठेवा.
मांस गेलं की हाडं बोलतात.
वाट्यांचे ओठ, कडांचे दात,
सगळं सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं.
मग नाव सांगता येईल.
जरा थांबून म्हणाल्या: कदाचित.

ब्लीचची बाटली तीन आठवडे
वॉशिंग मशीनवर नुसती बसून होती.

मग एका रात्री त्यानं
नखाएवढा तुकडा तोडला.
बरणीचं झाकण लावलं.
वर जाऊन बातम्या लावल्या, आवाज बंद ठेवून.
सकाळी बरणीत होतं
पांढरंशुभ्र, नक्षीदार, अगदी नीटनेटकं,
आणि कुणाचंच नाही.

उत्तर आलं एप्रिलमध्ये, बर्फ तडकू लागल्यावर.
तीन नावं, तिन्हींपुढे प्रश्नचिन्ह.
शेवटी बाईंच्या हातची एक ओळ:
खरं सांगायचं तर, आम्हीही अजून भांडतोय.

त्या दिवशी तो बराच वेळ हसला, एकटाच.

तुटल्या जागी आता नवं टोक फुटलंय, दुधाळ, निळसर.
रात्री दिवे मंद केले की
त्याची इवलीशी बोटं बाहेर येतात,
आणि आयनार खाऊ सोडता सोडता म्हणतो, 'सिना'.
आजोबांच्या फिनिशमधला
त्याच्याकडे उरलेला हा एकच शब्द.
अर्थ फक्त: तू.

शनिवारी क्लबात अदलाबदलीचा बाजार.
डोरीनला एक फांदी हवी आहे.
डबीवर चिठ्ठी लावावी लागते, नियम आहे.
आयनार चष्मा पुसतो, पेन झटकतो,
आडनाव लिहितो,
पुढे लिहितो एस्पी,
आणि त्यापुढचं टिंब
अगदी जपून देतो.